दहा हजारांचं कर्ज आणि कुंडल

दक्षिण महाराष्ट्रातल्या लहान शहरांच्या इतिहासात एक माणूस वारंवार भेटतो. तो वकील असतो, नाहीतर पेढीवाला. लोकांच्या थोड्याथोडक्या बचतीतून तो एखादी बँक किंवा विमा कंपनी उभी करतो आणि मग त्याच विश्वासाच्या बळावर गावच्या शाळेत, वाचनालयात, नगरपालिकेच्या कारभारात त्याचा शब्द चालू लागतो. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली आणि १९३६ मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक. सांगलीत १९१६ पासून सांगली बँक होती. स्वदेशीच्या चळवळीने शिकलेल्या मध्यमवर्गाला जे काही दिलं, त्यात आपला पैसा आपल्याच गावात फिरावा ही जाणीव मोलाची होती, आणि या संस्था तिच्यातून जन्मल्या. कुंडलच्या इतिहासात मात्र असा माणूस शोधू गेलं तर हाती लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कुंडल हे औंध संस्थानातलं एका तालुक्याचं ठाणं होतं. डोंगराच्या कुशीतली जुनी लेणी, पार्श्वनाथाचं जैन क्षेत्र, कृष्णाकाठची काळी जमीन आणि तीन-चार किलोमीटरवर एक ओसाड रेल्वे स्टेशन, एवढाच त्याचा पसारा होता. पण पुढच्या चाळीस वर्षांत याच टापूत देशातल्या पहिल्या मोठ्या देशी यंत्र-कारखान्यांपैकी एक उभा राहिला, आखीव वसाहत झाली, मराठीतली तीन नामांकित मासिकं निघाली, महसुलाचा मोठा वाटा गावपंचायतींकडे सोपवणारी राज्यघटना राबवली गेली आणि ब्रिटिशांना आव्हान देणाऱ्या प्रतिसरकारचं एक प्रमुख केंद्र इथेच झालं. बँकर नसताना हे घडलं कसं? माझं म्हणणं असं आहे की बँकरचं मुख्य काम इथे झालं, फक्त ते बँकेच्या पाटीखाली झालं नाही. ते मुख्य काम म्हणजे ज्याच्यापाशी तारण नाही अशा माणसाची पत ओळखणं आणि तिच्यावर पैसा, जमीन किंवा अधिकार लावणं. कुंडलच्या घडणीतल्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर कुणीतरी हे केलेलं दिसतं.

हे काम किती दुर्मीळ होतं ते समजायला आधी त्या मुलखातली नेहमीची सावकारी पाहायला हवी. साताऱ्याच्या आणि आजच्या सांगलीच्या खेड्यांत कर्ज मिळत नव्हतं असं नाही. कर्ज भरपूर होतं. बियाण्याला, बैलाला, लग्नाला, शेतसाऱ्याला सावकार उभा असे. धान्यावर सवाई-दिढी चाले, म्हणजे पेरणीला नेलेल्या पायलीमागे सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत. पण सगळ्यांत घातक कागद मुदत खरेदीचा. त्यात जमीन सरळ विकल्याचं लिहिलेलं असे आणि ठरावीक मुदतीत रक्कम परत दिली तर जमीन मागे मिळेल, ही बोली बहुधा तोंडीच राही. एक-दोन पावसाळे हुकले की मुदत टळे. मग कुणब्याच्या हाती नांगर तोच, बांध तोच, फक्त सात पिढ्यांच्या रानात तो खंडाने राबणारं कूळ होई. सावकाराला पीक चांगलं येण्यापेक्षा मुदत टळण्यातच फायदा जास्त होता, आणि या पद्धतीचं खरं विष त्यात आहे. १८७५ मध्ये पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन खतं जाळली, त्या दंग्याची एक ठिणगी सातारा जिल्ह्यातही पडली. १८७९ च्या कायद्याने पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत न्यायालयांना खताच्या शब्दांपलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. तरी सावकाराची हिशेब करण्याची रीत बदलली नाही. तारण पाहायचं, माणूस नव्हे. आणि कर्जदार बुडाला तर आपलं काही बुडणार नाही अशा बेताने रक्कम द्यायची. अशा कर्जातून घर चालतं, गाव वर येत नाही. ज्या धंद्यात देणारा घेणाऱ्याच्या यशावर अवलंबून नसतो, त्यातून नवं काही उभं राहण्याचं कारणच नाही.

या पार्श्वभूमीवर १९१० चा व्यवहार पाहावा. औंध हे सुमारे ५०० चौरस मैलांचं, ७२ गावांचं लहान संस्थान, आणि तेही सलग नाही. औंध, आटपाडी, कुंडल हे तीन तालुके सातारा जिल्ह्याच्या ब्रिटिश हद्दीत विखुरलेले आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. १९०९ च्या नोव्हेंबरात भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते. चित्रकलेचे दर्दी, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते, शिकलेले. गादीवर आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये दिले. लक्ष्मणराव त्या वेळी काय होते? जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेला, पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रविद्या शिकवणारा, मग नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलचं दुकान चालवणारा माणूस. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी बेळगावातच बनवायला घेतले होते. पण ती जागा सोडावी लागली आणि हातात भांडवल उरलं नाही. औंधला ते आले ते यमाईच्या देवळाचा सभामंडप बांधण्याच्या कामावर. सावकाराच्या कोणत्याही कसोटीवर हा माणूस उतरला नसता. वय चाळीस, जुनं बस्तान मोडलेलं, आणि जो माल बनवतो तो शेतकरी घ्यायला तयार नाहीत. राजाने त्यांना मांडव उभारताना पाहिलं होतं, हीच काय ती चौकशी. मला ती पुरेशी वाटते. एखाद्याचं काम दिवसेंदिवस समोर चाललेलं असताना त्याच्याविषयी जे कळतं, ते गहाणखताच्या मायन्यातून कधी कळत नाही.

त्या काळात दहा हजार ही रक्कम लहान नव्हती, पण कारखाना काढायला ती फार मोठीही नव्हती. तिचं खरं मोल तिच्या सवडीत होतं आणि नांगराची कथा नीट पाहिली की ही सवड का लागत होती ते कळतं. देशी नांगर बाभळीच्या लाकडाचा आणि टोकाला लोखंडी फाळ. तो जमीन फाडतो, उलटत नाही. कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या हातभर खोल जातात. लाकडी नांगराने वरचं गवत तुटतं आणि पहिल्या पावसात तेच पुन्हा दाटून येतं. लोखंडी नांगराचा पत्रा ढेकूळ उचलून पालथं घालतो, मुळ्या उन्हात उघड्या पडतात आणि करपून जातात. एकदा नीट नांगरट झाली की पुढची काही वर्षं खुरपणीचा निम्मा त्रास वाचतो. फायदा असा डोळ्यांना दिसणारा होता. तरी लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत पसरलेली होती आणि बेळगावात पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. शिवाय तो ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागत, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपली जनावरं एकत्र केल्याशिवाय नांगर चालायचाच नाही. किंमत रोख मोजायची आणि वर सवयही बदलायची. अशा मालाच्या धंद्यात पहिल्या सुगीला परतफेड मागणारा सावकार असता, तर कुंडल रोडच्या निवडुंगात पहिली भट्टी पेटण्याआधीच विझली असती. पुढे १९१४ चं महायुद्ध आलं, परदेशी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगराचे फाळ ओतले गेले. हीही एक प्रकारे पत दिलीच: पडून असलेला धातू ज्याच्या हाती कामाला येईल त्याच्या स्वाधीन करणं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, तोवर त्या मूळ कर्जाचं काम होऊन गेलं होतं.

आता नागरी सुधारणेचा भाग. कुंडल रोडच्या माळावर साप आणि निवडुंगाशिवाय काही नव्हतं. तिथे रस्ते, घरं, झाडं, पाणी, शाळा हे सगळं नव्याने मांडायचं होतं. लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांच्याकडे या वसाहतीची व्यवस्था होती आणि तिच्या स्वच्छतेची, टापटिपीची ख्याती दूरवर झाली. स्पृश्यास्पृश्य भेद पाळायचा नाही हा तिथला दंडक होता. १९१०-२० च्या दशकात, साताऱ्याच्या खेड्यात, पाणवठ्यांवरून अजून माणसं हाकलली जात असताना, हा दंडक ठेवणं सोपं नव्हतं. याहून मला महत्त्वाची वाटते ती राखणदारांची गोष्ट. दरोड्यांत शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीवर नेमलं. ज्या माणसाला कुणी दारात उभं करणार नाही, त्याच्या हवाली भांडार करायचं. हा जो हिशेब आहे तो राजाने लक्ष्मणरावांबाबत केलेल्या हिशेबाचाच पुढचा आकडा आहे. ज्याला पत मिळाली, त्याने ती आणखी खाली पोचवली. १९२० मध्ये पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याची ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, तीच पुढे मराठीतल्या वाचकप्रिय मासिकांत गणली गेली. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. पुण्या-मुंबईत नव्हे तर एका माळावरच्या छापखान्यातून बायकांच्या शिक्षणाची, विधवांच्या प्रश्नांची, घरसंसारातल्या विज्ञानाची चर्चा महाराष्ट्रभर जात होती. मराठी मासिकांचा इतिहास लिहिताना या ठिकाणाची नोंद होते. पण हे ठिकाण तिथे का आहे, याचं उत्तर एका कर्जाच्या व्यवहारात आहे याकडे फारसं लक्ष जात नाही.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो कमकुवत नाही. किर्लोस्करवाडी (कुंडल रोडच्या या वसाहतीला मिळालेलं नाव) ही कंपनीची वसाहत होती. तिथले रस्ते आणि घरं मालकाची, नियमही मालकाचे. कामगार तिथे नागरिक म्हणून राहत नव्हता, नोकर म्हणून राहत होता. नोकरी गेली की घर गेलं. अशा ठिकाणच्या टापटिपीला नागरी सुधारणा म्हणणं म्हणजे शिस्तीला स्वातंत्र्य म्हणण्यासारखं आहे. शिवाय खुद्द कुंडल गावाला यातून काय मिळालं? कारखाना, मासिकं, वीज यांचा उजेड वाडीत पडला, आणि तीन-चार किलोमीटरवरच्या गावठाणात जुनीच गल्ली, जुनाच सावकार राहिला. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. १९४० च्या दशकात किर्लोस्करांचे नवे कारखाने हरिहर, बंगळूर आणि पुण्यात गेले, म्हणजे वाढीचा मोठा भाग कुंडलच्या शिवाराबाहेरच झाला. पण आक्षेप जे गृहीत धरतो ते मला मान्य नाही. मालकाच्या वसाहतीत राहणारा माणूस मालकाचाच होऊन राहतो, असं तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने जे दोघे पडले, त्यांतले एक उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते होते. कारखान्याचा माणूस शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांबरोबर कचेरीवर चालून गेला, याचा अर्थ त्या वसाहतीच्या कुंपणाला बरीच दारं होती. आणि रेल्वे, कारखाना, छापखाना यांच्यामुळे या टापूत शिकलेली, कुशल, बाहेरच्या जगाची खबर असलेली माणसं वावरत होती, हा लाभ गावठाणात मोजता येत नाही म्हणून तो नव्हताच असं होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. राजाने दिलेले दहा हजार आले कुठून? संस्थानच्या खजिन्यातून, आणि खजिना भरला कुणी? त्याच कुणब्यांनी, ज्यांच्या जमिनी मुदत खरेदीत जात होत्या. मग राजाला दानशूर बँकर ठरवणं हे शेतकऱ्याच्या पैशाने राजाची आरती ओवाळणं नाही का? याचं उत्तर मी राजाच्या चांगुलपणात शोधणार नाही. संस्थानिकांचा पैसा सगळीकडे रयतेचाच होता. तो शिकारीत, मोटारींत आणि परदेशवाऱ्यांत उडाला त्याचे दाखले हिंदुस्थानभर आहेत. प्रश्न असा की रयतेच्या पैशाचा विनियोग ठरवण्याचा अधिकार शेवटी कुणाकडे जातो. दहा हजारांच्या बाबतीत तो राजाकडेच होता आणि त्याने तो बरा वापरला, एवढंच म्हणता येईल. बरी मर्जी हीसुद्धा मर्जीच. म्हणून माझ्या मते बाळासाहेबांचं मोठेपण १९१० मध्ये नाही, १९३९ मध्ये आहे. त्या वर्षी त्यांनी ही मर्जीच स्वतःच्या हातून काढून दिली.

१९३८ च्या अखेरीस त्यांनी प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले चिरंजीव अप्पासाहेब आणि बंगळूरची नोकरी सोडून आलेला पोलंडचा अभियंता मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. रचना खालून वर जाणारी होती. गावाने आपले पंच निवडायचे, गावांच्या प्रतिनिधींची तालुका समिती व्हायची आणि तिच्यातून संस्थानच्या विधिमंडळात माणसं जायची. महसुलाचा जवळपास निम्मा वाटा खाली तालुक्याकडे आणि गावांकडे सोपवायचा होता. कुंडल हा या चार तालुक्यांपैकी एक. म्हणजे कुंडलच्या शिवारातून जो सारा गोळा होई, त्यातून शाळा आधी की विहीर आधी, हे ठरवायला कुंडल-परिसरातले शेतकरी कुंडलातच बसू लागले. यात जोखीम केवढी होती ते ध्यानात घ्यायला हवं. बहुसंख्य रयत निरक्षर होती. पंच हिशेबाच्या वहीवर अंगठा उठवतील, गावचा पाटील नाहीतर सावकार पंचायत बगलेत मारेल, अशी भीती घालणारे कारभारी कोणत्याही दरबारात असतातच, आणि त्यांची भीती अगदी निराधारही नसते. पण विश्वास टाकण्याआधी लायकी सिद्ध करा असं म्हटलं, तर ती सिद्ध करायची संधीच कधी येत नाही; लक्ष्मणरावांच्या बाबतीत हेच खरं होतं आणि पंचांच्या बाबतीतही. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत सुरू झाली. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, कुटुंबासह राहू देण्याचा तो प्रयोग ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे आहे, हे अनेकांना माहीत असतं. किर्लोस्करवाडीच्या राखणदारांशी त्याचं नातं मात्र क्वचितच जोडलं जातं, आणि ते जोडायला हवं असं मला वाटतं. एकाच छोट्या संस्थानात तीस वर्षांच्या अंतराने एकच धोरण दोनदा केलं गेलं. तो योगायोग मानायला मी तयार नाही.

औंधच्या घटनेवर टीका करताना असंही म्हटलं जातं की ती राजघराण्याची हौस होती, खालून मागणी नव्हती, म्हणून ती टिकली नाही. १९४२ नंतरचं कुंडल या टीकेला उत्तर देतं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा कुंडलचे जी. डी. बापू लाड त्याच्या आघाडीच्या नेत्यांत होते आणि तुफान सेना या प्रतिसरकारच्या दलाचं शिक्षण कुंडलला चालत असे. कुंडल निवडण्यामागचं व्यवहारी कारण सरळ होतं: संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांना मोकळेपणी शिरता येत नव्हतं, आणि औंधचा दरबार या पोरांकडे काणाडोळा करत होता. पण तुफान सेना केवळ लपून बसली नव्हती, ती कारभार करत होती. गावोगावची न्यायमंडळं भांडणं तोडत होती, वाचनालयं निघत होती, कमी खर्चाची लग्नं लावली जात होती. आणि सावकारी हा तर या कारभाराचा थेट विषय होता. गहाण पडलेल्या, मुदत टळलेल्या जमिनींचे जुने व्यवहार लोकांपुढे काढून कितीतरी जमिनी मूळ कुळाला परत मिळवून दिल्या गेल्या. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला जे करायची नुसती मुभा दिली होती, ते इथे गावच्या देवळात बसलेल्या शेतकऱ्यांनी केलं. पंचायतीत बसायची, हिशेब विचारायची, निकालाला उभं राहायची सवय या मुलखाला अचानक लागली नव्हती. औंधच्या तालुक्यांत ती काही वर्षं अधिकृतपणे चालू होती. प्रतिसरकारचं सगळं श्रेय औंधच्या घटनेला देणं चूक ठरेल, कारण चळवळीचा मोठा भाग ब्रिटिश हद्दीतल्या वाळवा, तासगाव, खानापूरच्या गावांत होता आणि सत्यशोधक चळवळीची खोल मुळं त्याखाली होती. पण वरून दिलेला अधिकार खाली कुणाला नकोच होता, हे म्हणणं कुंडलपुरतं तरी टिकत नाही.

या पर्वातल्या पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची मोटार अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये काढून घेण्यात आले. याला लूट म्हणायचं की रयतेचा पैसा रयतेकडे परत आणणं म्हणायचं, यावर तेव्हाही वाद होता. मला इथे एवढंच नोंदवायचं आहे की तो पैसा नेणाऱ्यांच्या घरात गेला नाही. साडेपाच लाखांचा डाव खेळणारी कुंडलची माणसं स्वातंत्र्यानंतरही साधीच राहिली, आणि रक्कम चळवळीच्या कामात खर्ची पडली. बळाने मिळवलेल्या पैशाने गाव घडत नाही, हे मी मान्य करतो. प्रतिसरकारच्या शिक्षांत क्रूरता होती आणि काही ठिकाणी जुनी वैरं त्या नावाखाली उगवली गेली, हेही खरं आहे. पण ज्या न्यायमंडळांनी जमिनी परत दिल्या त्यांचं काम बंदुकीवर चाललं नाही. शेजाऱ्याचा व्यवहार शेजाऱ्यापुढे मांडला की खोटं फार वेळ टिकत नाही; हा सामाजिक दाब होता, आणि कोणत्याही चांगल्या पतपेढीचा कारभार त्यावरच चालतो.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानं जायलाच हवी होती. पण त्याबरोबर कुंडलचं तालुक्याचं ठाणं गेलं आणि तालुक्याच्या महसुलाचा वाटा तालुक्यानेच खर्चायची नऊ वर्षांची रीतही गेली. पुढे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, १९९३ पासून घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळालं, तरी गोळा झालेल्या महसुलाचा असा थेट, मोठा हिस्सा खालच्या पायरीला बिनशर्त मिळाल्याचं उदाहरण महाराष्ट्रात मला दिसत नाही. शहरांच्या बँकांचीही कथा अशीच पुढे सरकली. वेस्टर्न इंडियाचा व्यवसाय १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात आयुर्विमा महामंडळात गेला. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ च्या ऑक्टोबरात आयडीबीआयमध्ये आणि सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे वाचले, हे महत्त्वाचं आहे, आणि त्या बँकांच्या अखेरच्या वर्षांतल्या कारभारावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणारा माणूस साताऱ्या-सांगलीतून उठून मुंबईला गेला, आणि शाखेत बसतो तो दर काही वर्षांनी बदलतो. यमाईचा मंडप कोण बांधतो आहे ते त्याला दिसण्याची सोय नाही. त्याला कागद दिसतो, तारण दिसतं.

कुंडलात स्वातंत्र्यानंतर जे नवं उभं राहिलं त्यात सहकाराचा वाटा मोठा आहे. बापू लाडांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना त्याच शिवारात आहे. सहकारातल्या घराणेशाहीबद्दल, थकबाकीबद्दल आणि उसाच्या पाण्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते बोललं जातंच. माझी तक्रार वेगळी आहे. कुंडलचा इतिहास आपण तीन वेगळ्या कपाटांत ठेवला आहे. एकात किर्लोस्करांचा उद्योग, दुसऱ्यात औंधच्या राजाची कला आणि घटना, तिसऱ्यात तुफान सेना. उद्योगाचा इतिहास लिहिणारे प्रतिसरकारचं पान उलटत नाहीत, आणि प्रतिसरकारचे अभ्यासक नांगराच्या विक्रीचा हिशेब पाहत नाहीत. पण तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न सुटलेला आहे, आणि तो आजही पलूस तालुक्यातल्या प्रत्येक पतसंस्थेच्या सभेत येतो: ज्याच्याकडे द्यायला तारण नाही त्याला किती द्यायचं, किती दिवसांसाठी द्यायचं आणि कुणाच्या शब्दावर द्यायचं. १९१० चं कर्ज, १९३९ च्या तालुका समितीचे खर्च आणि १९४३ नंतरच्या न्यायमंडळांचे निकाल हे एकाच टेबलावर ठेवून कुणीतरी अभ्यासले पाहिजेत. त्या अभ्यासाला कुंडलची माणसंच लागतील, कारण कुठलं रान कुणाकडून कुणाकडे गेलं आणि पुन्हा कुणाच्या नावावर लागलं, हे फेरफाराच्या नोंदींतून वाचायला त्या शिवाराची ओळख लागते.